निघायच्या दिवशीचं धुणं

स्टुअर्ट ज्या दिवशी बोटीवर जायचा, त्या दिवशी ब्लेंकिनांच्या घरात नळ फक्त चहापुरता उघडायचा. कपडे धुवायचे नाहीत, भांडी घासायची नाहीत, दाराची पायरीसुद्धा पुसायची नाही. त्या दिवशी धुतलं की माणूस बोटीवरून धुऊन जातो. हल शहरातल्या हेसल रोडवरच्या मच्छीमार वस्तीत हे परकरातल्या पोरीलाही ठाऊक असतं, आणि ज्यांना पटत नाही त्या बायकाही धुणं दुसऱ्या दिवशीच काढतात. न पटणं वेगळं आणि कपडे भिजवणं वेगळं.

म्युरिएल ब्लेंकिन ही अशी न पटणाऱ्यांतली. जन्म ह्याच गल्लीतला, पण पंधराव्या वर्षी ती जुन्या शहरातल्या एका चित्रविक्याकडे झाडलोट करायला लागली, आणि पुढे त्याच्याच हाताखाली फाटलेल्या कॅनव्हासला पाठीमागून नवं कापड चिकटवायला, काळवंडलेलं वार्निश उतरवायला, उडालेला रंग भरायला शिकली. म्हातारा गेला तेव्हा दुकान तिनेच घेतलं. जहाजांची चित्रं, खरेदी, विक्री आणि दुरुस्ती. ह्या धंद्यातलं गिऱ्हाईक मोठं विचित्र. दुसरं चित्र घेणारा आकाश बघतो, जहाजाचं चित्र घेणारा आधी दोर मोजतो. एखादं शीड वाऱ्याच्या उलट्या बाजूला फुगलेलं दिसलं की निवृत्त कप्तान दुकानातच बोंब ठोकतात. तिचा नवरा वॉल्टर वीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर होता. समुद्राने त्याला हात लावला नाही, शेवटी छातीच्या दुखण्याने तो अंथरुणातच गेला. पोराने दुकान सांभाळावं म्हणून म्युरिएलने काय थोडं डोकं फोडलं? पण स्टुअर्ट बापाच्याच वाटेने गेला.

त्या सकाळी स्वयंपाकघरात तिची सासू, एडा, कालच्या खरकट्या ताटल्यांपुढे पहारा देत बसली होती.

"आई, निदान तो कप तरी विसळू द्या. त्यात माशी मेलीय."

"मरू दे. माशीच्या आईने यावं माझ्याकडे भांडायला."

स्टुअर्ट हसला. तो पिशवी खांद्यावर टाकत होता. डाव्या खांद्याचं हाड लहानपणी मोडलं होतं, त्यामुळे तो खांदा कायम उतरलेला असायचा, आणि उभा राहिला की माणूस कुणाचं तरी चोरून ऐकतोय असं वाटायचं. तेवढ्यात दार ढकलून ब्रायन फ्यूलास आत आला. दोन दारं सोडून राहणारा, त्याच 'विंटरिंगम' बोटीवरचा, स्टुअर्टच्या बरोबरीचा.

"मावशी, आमचं चित्र झालं का?" ब्रायन म्हणाला. "भिंतीवर रिकामा चौकोन दिसतोय, आणि आई त्याच्याकडे बघून रोज मला शिव्या देते. म्हणे, तुझं लग्न काढलं नसतं तर भिंतीचा कागद बदलायला चित्र खाली उतरवलंच नसतं."

"तू परत येशील तेव्हा भिंतीवर असेल, जा."

"लग्नात बघा, त्या चित्रापेक्षा मीच जास्त चकचकीत दिसणार!"

"त्यासाठी तुला आधी आंघोळ करावी लागेल," एडा म्हणाली.

"आज नाही हं आजी. आज आंघोळसुद्धा नाही!"

दोघं हसत टॅक्सीत बसले. निरोप कुणी घेतला नाही, दारात कुणी उभं राहिलं नाही. तीही रीतच. टॅक्सी वळल्याचा आवाज आला तेव्हा एडा माशीच्या कपाकडे बघत होती आणि म्युरिएल कोट चढवत होती. त्या घरात सासूसमोर दिवसभर बसणं तिला झेपणारं नव्हतं.

फ्यूलासांचं चित्र दुकानाच्या मागच्या खोलीत घोडीवर होतं. 'कॉन्स्टन्स रीड' नावाचं तीन डोलकाठ्यांचं जुनं जहाज, धक्क्यावर बसून पोटासाठी चित्रं काढणाऱ्या कुणा अनामिकाने रंगवलेलं. चार पिढ्या ते शेगडीच्या वर टांगलेलं होतं. कोळशाची काजळी आणि पाइपचा धूर बसून समुद्राचा पार चहा झालेला. म्युरिएलने ते विकत मागितलं होतं, एकदा नाही, दहादा. ब्रायनची आई नेली प्रत्येक वेळी म्हणायची, "घर विकीन, हे नाही." ह्या वेळी निदान साफ करायला तरी दिलं होतं.

चित्रातलं आकाश आधीच उजळून झालं होतं. आज पाणी घ्यायचं होतं. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, स्पिरिट आणि टर्पेंटाइनच्या मिश्रणात बुडवायचा, हलकेच गोल फिरवायचा, पिवळं निघालं की कापूस फेकायचा, नवा घ्यायचा. प्रत्येक रंग आधी कोपऱ्यात तपासून बघायचा, हा ह्या कामाचा पहिला धडा. तिने पाण्याचा तपासला होता, काळ्या लाकडाचा तपासला होता. मग हात चालू झाला. चहा निघत गेला आणि खालून हिरवा, थंड समुद्र वर आला. हात कापसावर होता, मन मात्र बंदरात. आता भरती पुरी झाली असेल, गोदीचे दरवाजे उघडले असतील, आता बोट नदीत आली असेल. लाटांवरून ती जहाजाच्या मागच्या टोकाकडे सरकली, कठड्यावरून एक हलका फेरा दिला आणि कापूस फेकताना तिला दिसलं, की कापसावर पिवळं नाही, निळं आहे.

तिने भिंग डोळ्याला लावलं. कठड्याशी एक माणूस होता. बोटाच्या अर्ध्या पेराएवढा, निळ्या सदऱ्यातला. होता. आता तिथे नुसता स्वच्छ कठडा होता आणि त्यापलीकडे हिरवं पाणी.

पहिल्यांदा तिच्यातली कारागीर बोलली. माणूस इतक्या पटकन निघाला, म्हणजे तो वार्निशच्या वर काढलेला होता. मागाहून कुणीतरी घातलेली भर. धंद्यात अशी भर काढूनच टाकतात, उलट शाबासकी मिळते. म्युरिएलने हे मनाशी दोनदा म्हटलं. मग तिची नजर हातातल्या ओल्या काडीवर गेली, बाजूला पडलेल्या घाणेरड्या कापसाच्या ढिगावर गेली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

आज निघायचा दिवस. घरी एक कप विसळला नाही, आणि इथे येऊन तिने समुद्र धुतला. अख्खा समुद्र. आणि जहाजावरून एक माणूस धुऊन काढला.

बाटलीला लावताना बूच दोनदा खाली पडलं. इतकी वर्षं ती चित्रं साफ करत होती, पण साफ करणं म्हणजे धुणं, हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. धुणं म्हणजे कपडे, भांडी, पायरी. ही खोली म्हणजे काम. आता ते डोक्यात आलं ते काही केल्या जाईना. वेडी आहेस, ती स्वतःला म्हणाली. शिकलेली बाई तू, लंडनहून लोक तुला विचारायला येतात. पण भीतीला शिक्षण कुठे असतं? ती बसली ती बसलीच.

घरी तिने कुणाला सांगितलं नाही. सासूला सांगणं म्हणजे गल्लीत दवंडी.

पहिले काही दिवस बरे गेले. एडा रेडिओवर मासेमारी बोटींचा पट्टा लावून त्याला कान चिकटवून बसायची. खरखरीतून कप्तानांचे आवाज यायचे, मासळीवरून खोटं बोलणारे, एकमेकांना शिव्या देणारे. त्यात विंटरिंगमच्या कप्तानाचा घोगरा आवाज आला की म्युरिएलचा श्वास सुटायचा. मग आइसलंडच्या वर वादळ उठलं. आता आवाज वेगळे झाले. कुणी मासळीचं बोलेना. दोरांवर बर्फ चढतोय, कुऱ्हाडींनी फोडतोय, बोट वरून जड होऊन कलतेय. आणि मग विंटरिंगमचा आवाज येईनासा झाला.

"रेडिओच्या तारेवर बर्फ बसला असेल," एडा म्हणाली. "तार तुटली की बोलणार कशाने?"

"होय हो आई."

"वॉल्टरच्या वेळीही असंच झालं होतं. आणि आला की नाही? येऊन वर म्हणाला, जेवायला काय आहे!"

पण बोलताना म्हातारी रेडिओची कळ सारखी फिरवत होती, आणि तिचा चहा तसाच गार झाला होता.

मन चिंती ते वैरी न चिंती. म्युरिएलला डोळे मिटले की तो स्वच्छ कठडा दिसायचा. अंगणात कुणी बादली ओतली तरी ती दचकायची. नेली फ्यूलास रस्त्यात भेटली तर ती पलीकडच्या फुटपाथवर जायची. नेली बिचारी तिकडून ओरडायची, "काही कळलं का गं?" आणि ही मान हलवून पळायची.

शेवटी एका दुपारी ती दुकानात गेली, दाराला कडी लावली आणि ब्रश काढले. मूळ जे होतं ते राखायचं, गेलं असेल तेवढंच भरायचं, मनचं काही घालायचं नाही, ह्या नियमावर ती आयुष्यभर जगली होती. ह्याच नियमापायी एका श्रीमंत गिऱ्हाइकाला तिने दुकानाबाहेर काढलं होतं, कारण त्याला निवांत समुद्रात वादळ हवं होतं. आज तिला नियम दिसत नव्हता. तिला तो माणूस परत जहाजावर हवा होता. पण तो कसा होता? काम सुरू करण्याआधी काढलेल्या काळ्यापांढऱ्या फोटोत तिथे नुसता एक डाग होता. तोंड कुठे, हात कुठे, काही कळत नव्हतं. तिने निळा सदरा घातला, टोपी घातली. पाय रोवून उभा केला. डाव्या हाताने उजवं मनगट धरून तिने खांदे काढले.

झाल्यावर तिने भिंगातून बघितलं. माणसाचा डावा खांदा उतरलेला होता.

हे आपण मुद्दाम केलं की नाही, हे तिला सांगता आलं नसतं. तिने ते पुसलं मात्र नाही. उलट तिला रडू फुटलं आणि कितीतरी दिवसांनी सपाटून भूक लागली. पोरगा जहाजावर होता. पाय घट्ट रोवून.

त्यानंतर दुसऱ्याच सकाळी रेडिओवर तो घोगरा आवाज आला. एडा किंचाळली. विंटरिंगम होती! तुटकी तार बांधून कप्तान बोलत होता. बोट तरलीय. मागून आलेल्या लाटेने एक माणूस गेला. नाव सांगता येणार नाही, आधी घरच्यांना कळू दे.

एक माणूस. बोटीवर वीस होते.

बातमी गल्लीत शिरायला वेळ लागला नाही. कुणी बाहेर आलं नाही, पण प्रत्येक पडद्यामागे बाई होती. माणूस गेल्याची खबर घेऊन नाविकांच्या मिशनचे साहेब नेहमी पायी यायचे, काळ्या कोटात, टोपी हातात धरून. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले तेव्हा एडाने म्युरिएलचा दंड पकडला.

"माझ्याने बघवत नाही. तू बघ. कुठवर आला?"

"कोपऱ्यावरच्या दुकानाशी."

"आता?"

"आता... आई, हळू धरा. आता इकडच्या बाजूला आला."

पावलं ऐकू यायला लागली. म्युरिएलच्या मनात शब्द नव्हते, नुसतं 'पुढे जा, पुढे जा' चाललं होतं. साहेबांची सावली पडद्यावर आली. त्यांनी मान वर करून दाराचा नंबर वाचला. मग सावली सरकली. एक दार. दुसरं दार. आणि दारावरची टकटक.

"देवा, तुझे उपकार!" म्युरिएल मोठ्याने म्हणाली.

म्हणाली, आणि भिंतींपलीकडून नेलीचा आवाज आला. तो ऐकल्यावर आपल्या तोंडून काय गेलं हे तिला कळलं. एडाने सुनेचा दंड सोडला.

त्यानंतर म्युरिएल दुकानातच राहायची. गल्लीतल्या बायका नेलीकडे बसायला जात होत्या, केक, पाई, हॅमची सँडविचेस नेत होत्या. हिने एडाच्या हाती पाठवलं. कसं जाणार? आपण धुतलं, आणि वाचवायला आपलंच पोर जहाजावर चढवलं. कठड्याशी जागा एकच होती. हे सगळं खुळं आहे, तिला कळत होतं. खुळं असूनही ते खरं वाटत होतं, आणि त्याहून भयंकर म्हणजे, विंटरिंगम अजून घरी पोचली नव्हती. समुद्र अजून खवळलेला होता. तिची भीती एका माणसाने भागली नव्हती.

आणि एका सकाळी दुकानाची घंटा वाजली आणि दारात नेली उभी राहिली. काळा कोट, डोक्याला रुमाल, हातात पर्स.

"चित्र बघायला आलेय," ती म्हणाली.

"नेली, मी येणारच होते गं... मला..."

"तुला काही बोलायला नको. सगळे बोलतायत, माझे कान किटलेत." नेली खुर्चीवर बसली. "माझं एक काम कर. त्या चित्रात आमचा एक माणूस आहे, मागे कठड्याशी. बघितलास ना?"

म्युरिएल टेबलावरचे ब्रश सारखे करायला लागली.

"माझ्या नवऱ्याचा पणजोबा. त्याच जहाजावरून लाटेने नेला त्याला. पुरायलासुद्धा मिळाला नाही. तेव्हा पणजीने चित्र उचललं, धक्क्यावरच्या चितारी माणसाकडे गेली आणि म्हणाली, ह्याला परत जहाजावर घाल. थडगं नाही तर नाही, निदान जहाजावर तरी असू दे. तेव्हापासून तो तिथे उभा आहे. ब्रायनचा बाप दर खेपेला निघताना त्याला बोट लावून जायचा. ब्रायनही लावायचा." ती थांबली. "ह्या खेपेला भिंतीवर चित्र नव्हतं."

तिने मांडीवरची पर्स सारखी केली.

"माझ्या ब्रायनला त्याच्या शेजारी घाल," नेली म्हणाली. "म्हातारा सांभाळील त्याला." आणि ती उठून चित्राजवळ गेली.

"नेली, थांब..."

नेलीने पर्समधून चष्मा काढला. "किती उजळलं गं. आम्हाला वाटायचं संध्याकाळ आहे, ही तर भर दुपार." मग तिने मान पुढे केली. पुन्हा मागे घेतली. चष्मा रुमालाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा बघितलं.

"हा आमचा म्हातारा नाही. म्हातारा कठड्यावर ओणवा होता, दोन्ही हात टेकून. हा कुणाचा?"

म्युरिएल भिंतीला टेकली.

"हा उतरलेला खांदा... म्युरिएल, हा कुणाचा?"

"माझा."

मग तिने सगळं सांगितलं. भराभर, वेडंवाकडं, पोटातली घाण ओकून टाकावी तसं. निघायच्या दिवशी धुतलं. तुमचा माणूस माझ्या हाताने धुऊन गेला. घाबरले. परत काढायला बसले आणि स्टुअर्ट निघाला, आणि मी तो पुसला नाही. मिशनचे साहेब आमच्या दारावरून पुढे गेले तेव्हा मी देवाचे उपकार मानले. तू ओरडत होतीस आणि मी उपकार मानत होते.

नेलीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने ओरडाआरडा केला असता तर बरं झालं असतं.

"चित्र माझं आहे ना?" ती म्हणाली.

"तुझंच."

"मग पूस त्याला."

"नेली..."

"आमच्या जागेवर उभा आहे तो. पूस. माझ्यासमोर पूस, आणि माझ्या पोराला तिथे घाल."

नाही म्हणायला म्युरिएलकडे तोंड नव्हतं. नेलीचं बरोबर होतं, शंभर टक्के बरोबर होतं. तिने काडी घेतली. कापूस गुंडाळला. बाटलीचं बूच काढलं, तो ओळखीचा वास आला, आणि तिच्या डोळ्यांपुढे बर्फाने जड झालेली बोट आली, दोर, कुऱ्हाडी, काळं पाणी, आणि डेकवर एक खांदा उतरलेला पोरगा. कापूस भिजला. तिने वाकून हात पुढे केला. निळ्या सदऱ्याला कापूस आता लागणार, तेवढ्यात तिच्या तोंडून लहान जनावरासारखा आवाज निघाला, तिला न विचारता. हात थांबला नाही. तिने डोळे मिटून घेतले.

नेलीने तिचं मनगट धरलं.

कोळशाच्या बादल्या उचलून घट्ट झालेला तो हात होता. तो सोडेना. दोघी तशाच वाकून उभ्या राहिल्या.

"बोट कुठवर आली?" नेलीने विचारलं.

"शेटलंड बेटांच्या पलीकडे. आई म्हणत होत्या, अजून वारा आहे."

नेलीने काडी तिच्या बोटांतून काढून घेतली. कापूस टोपलीत टाकला, बाटलीवर बूच ठेवलं आणि तळहाताने दाबून बसवलं.

"मग आज नको," ती म्हणाली. "पोर समुद्रावर असताना पुसायचं नसतं काही. धक्क्याला लागू दे. पायरी चढून घरात आला, चहा प्यायला, की मग पूस."

म्युरिएल मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. नेलीने तिला उठवलं नाही, जवळही घेतलं नाही. ती पर्स उघडून काहीतरी शोधत होती. तिने ब्रायनचा फोटो काढला आणि रंगांच्या नळ्यांमध्ये, दिसेल असा टेकवून ठेवला.

"तोवर ह्याचं नाक नीट बघून ठेव," ती म्हणाली. "बापासारखं काढू नकोस. त्याला आवडायचं नाही ते."